अतिथीची तिथी

मुंबईत ज्याचे बिऱ्हाड आहे, त्याच्या घरी वर्षातून पाच-सहा वेळा तरी गावाकडचे पाहुणे उतरतात, आणि त्यांचे सामान कोपऱ्यात टेकते न टेकते तोच त्यांना मुंबई दाखविण्याची तजवीज कशी करावी, हा प्रश्न यजमानापुढे उभा राहतो. बहुतेक घरांतून या प्रश्नाचे उत्तर पिढीजात ठरून गेलेले आहे. महालक्ष्मी, राणीचा बाग, हँगिंग गार्डन, म्युझियम, गेटवे, चौपाटी, आणि दिवस उरलाच तर वांद्र्याचा सागरी सेतू. सकाळी आठाला बाहेर पडलेली मंडळी रात्री दहाला पाय ओढीत परततात. मुले पेंगुळलेली असतात, वडीलधारी माणसे अबोल झालेली असतात, आणि त्या दिवसाचा मोठा भाग टॅक्सीत, रांगेत आणि सिग्नलपाशी गेलेला असतो. माझ्या घरीही पुष्कळ वर्षे हाच शिरस्ता होता. आमचे मूळ घर किहीमचे. तरीही पाहुण्यांना समुद्रापलीकडे न्यावे, हे मला फार उशिरा सुचले, आणि सुचल्यापासून मी त्यात खंड पडू दिलेला नाही. मुंबईत आलेल्या पाहुण्याच्या चार दिवसांपैकी दीड दिवस यजमानाने रायगडच्या या किनाऱ्यासाठी राखून ठेवावा, आणि तो कोणता हे घड्याळावरून न ठरविता पंचांगावरून ठरवावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

पंचांग कशासाठी, हे सांगण्याआधी वाट सांगतो. १९२४ साली खुल्या झालेल्या गेटवेच्या कमानीमागील पायऱ्यांवरून मांडव्याच्या लाँचा सुटतात आणि तासाभरात पलीकडे पोहोचवितात. तिकिटातच अलिबागपर्यंतच्या बसचे भाडे बहुधा धरलेले असते, आणि त्या बसने चोंढीच्या नाक्यावर उतरले की पश्चिमेस किहीमचा फाटा. हा तासाभराचा प्रवास केवळ वाट म्हणून उरकू नये. पाहुण्याला वरच्या डेकवर, मागच्या बाजूस, शहराकडे तोंड करून बसवावे. आदल्या दिवशी ज्या ताजमहाल हॉटेलाच्या घुमटाखाली मान वर करून तो उभा होता, तो घुमट बोटाएवढा होतो, गोदीतल्या याऱ्या काडीसारख्या दिसू लागतात, नांगर टाकून पडलेली मालवाहू जहाजे शेजारून जातात, आणि हे शहर मुळात एक बंदर आहे, ही गोष्ट त्याला कोणी न सांगता उमगते. मुंबई मला सर्वांत पूर्णपणे दिसते ती अशी, तिच्यापासून दूर जाताना.

पावसाळ्यात मात्र या लाँचा बंद असतात. त्या काळी भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० पासून चालू असलेली, मोटारीही नेणारी रो-रो बोट हवामान पाहून सुटते. नाही तर पेण-वडखळचा खुष्कीचा मार्ग आहेच, आणि जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सेतू खुला झाल्यापासून तोही पुष्कळ आखूड झाला आहे. पावसाळ्यातील या बंदोबस्ताबद्दल कुरकुर करणारे पाहुणे मला भेटतात. त्यांना मी १७ जुलै १९४७ची हकीकत सांगतो. आषाढातली अमावास्या होती. सणासाठी घरी निघालेले कोकणातले चाकरमानी आणि कोळी-आगरी बायाबापडे घेऊन ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवस ते अलिबाग या पट्ट्यातील कित्येक घरांत ती अमावास्या अजून गोडधोडावाचून जाते. समुद्र बंद आहे असे बंदरावर सांगितले की आमच्याकडचा म्हातारा माणूस दुसरा प्रश्न विचारीत नाही.

आता पंचांग. किनाऱ्यावरचा माणूस भरतीची वेळ तोंडी हिशेबाने काढतो. चालू पक्षाची तिथी घ्यावी, तिला पाऊणने गुणावे, येईल तो आकडा पूर्ण भरतीचा तास. त्यात सहा तास मिळविले किंवा वजा केले की पूर्ण ओहोटी. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती आणि नऊला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, परंतु चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो आणि पाणी त्याच्या मागोमाग चालते, हे सारे खगोलशास्त्र त्या ‘पाऊण’ या एका शब्दात साठविलेले आहे. त्यातही पौर्णिमा-अमावास्येच्या मागेपुढे पाण्याला उधाण असते, म्हणजे भरती-ओहोटीत चार मीटरांच्या आसपास अंतर पडते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही. जो मुंबईहून सकाळच्या लाँचने निघून दुपारी किनाऱ्यावर पोहोचणार, त्याला ओहोटी दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान मिळावयास हवी, आणि ती दशमी, एकादशी, द्वादशीस मिळते. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी या शब्दाची फोड आपण शाळेत शिकलो. किहीमला न्यावयाच्या अतिथीची तिथी मात्र यजमानाने आधी ठरवून ठेवावी.

हा हिशेब न केल्यामुळे काय होते, हेही मी अनुभवले आहे. एकदा आठ माणसे घेऊन मी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासमोर चतुर्थीच्या दुपारी तीन वाजता उभा राहिलो. शिवाजी महाराजांनी १६८० साली ज्याची उभारणी आरंभिली, ज्याच्या आधारे पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा या मुलखात दबदबा राहिला, तो किल्ला समोर दिसत होता आणि मध्ये पुरुषभर पाणी होते. ओहोटीला याच वाटेने माणसे चालत जातात, घोडागाड्या जातात, १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेल्या गणेशपंचायतनाचे दर्शन घेऊन पाणी फिरण्याच्या आत परततात. त्या दिवशी एका वृद्ध गृहस्थांनी किनाऱ्यावरूनच हात जोडले. त्यांचे पुन्हा येणे झाले नाही, आणि ती चुटपुट मला अजून आहे.

म्हणून दोन वर्षांपूर्वी यवतमाळहून माझ्या पत्नीच्या मावशी आल्या तेव्हा मी आधी पंचांग उघडले. वयाची सत्तरी उलटलेली, वारीला जाऊन आलेली, परंतु समुद्र कधी न पाहिलेली बाई. माघ वद्य एकादशी लाँचच्या दिवसांत सोयीची होती. मावशींचा उपवास होता, तेव्हा वाडीतल्या घरगुती खानावळीत आदल्या दिवशी निरोप ठेवला होता. वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी, शहाळी आणि केळी एवढ्यावर त्यांचे जेवण झाले. (वरईला त्या ‘भगर’ म्हणत होत्या, वाढणाऱ्या बाईंना तो शब्द नवा होता, आणि दोघींची त्यावरूनच ओळख जमली.) दीड वाजता सुरूच्या बनातून आम्ही पुळणीवर आलो. पाणी तेव्हा पुष्कळ मागे गेले होते. ओल्या, करड्या, चकचकीत वाळूचे मैदानच्या मैदान पसरले होते, त्यावर बारीक खेकड्यांनी आपापल्या बिळांभोवती वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्यांच्या रांगोळ्या मांडल्या होत्या, आणि काळ्या खडकांच्या खाचांतून तुंबलेल्या पाण्यात बोटाएवढे मासे अडकून राहिले होते. मावशींनी चपला हातात घेतल्या, पायाखालच्या त्या गोळ्या मोडणार नाहीत अशा बेताने पावले टाकीत त्या खडकांपर्यंत गेल्या, आणि तेथे बसून राहिल्या. तासाभराने पाणी परतू लागले. आधी ज्या खडकावर त्यांनी चपला ठेवल्या होत्या तो भिजला, मग बुडाला. त्यांनी दोन-तीनदा जागा बदलली, आणि मग मला विचारले, “एवढं पानी गेलं होतं तरी कुठं, जवाईबापू?”

मी चंद्राचे सांगितले, पाऊणकीचे सांगितले. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकले आणि बोटांच्या पेरांवर तिथ्या मोजून दोन वेळा पडताळून पाहिले.

त्या साऱ्या दुपारी आम्ही दुसरे काहीही पाहिले नाही, आणि माझ्या मते बेत आखताना हीच गोष्ट सर्वांत अवघड आहे. आसपास पाहण्याजोगे पुष्कळ आहे. समोर समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे दिसतात. १६७९ साली महाराजांनी मायनाक भंडाऱ्याकरवी खांदेरी ताब्यात घेऊन तटबंदी सुरू केली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी गलबते पाठवून बेट घेरले, सिद्दी त्यांना येऊन मिळाला, आणि तरीही बेट सुटले नाही. सिद्दीने मग शेजारची उंदेरी बळकावली. मुंबई बंदराच्या तोंडाशी बसलेला खांदेरीचा हा दुर्ग २०२५ साली जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक आहे. थळहून होडीने तेथे जाता येते. वेताळाचे देऊळ, १८६७ सालचे दीपगृह, आणि दगडाने ठोकला असता धातूसारखा वाजणारा एक खडक तेथे आहे. मापगावच्या डोंगरावर पायऱ्या चढून गेल्यावर कनकेश्वर आहे. सासवण्यास शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांच्या राहत्या घरी त्यांचे शिल्पालय आहे. पुण्याच्या श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधील महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडविणारा हा माणूस याच गावात १८९१ साली जन्मला. येथल्या कोळिणी, मुले, जनावरे त्याने सिमेंटात अशी उभी केली आहेत की अंगणातली म्हैस आता मान वळवील असे वाटते. यांतले एक, फार तर दोन, एका खेपेस पुरे. सगळे एका दिवसात कोंबले की किहीम म्हणजे दुसरी मुंबई होते.

पावसाळ्यात पाहुणा आला तर मात्र मी त्याला किनाऱ्याकडे नेत नाही, सुगरणींकडे नेतो. हा किहीमचा खरा मान आहे. डॉ. सालीम अली १९३० साली जर्मनीत पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन परतले तेव्हा मुंबईच्या म्युझियममधली त्यांची जागा पैशाअभावी बंद झालेली होती. खर्च झेपेना म्हणून पत्नी तेहमीना यांच्यासह ते किहीमच्या कौटुंबिक घरी येऊन राहिले. जवळच्याच झाडावर सुगरणींची वसाहत होती. उंच शिडीवर आडोसा बांधून, त्यात तासन्‌तास बसून, एकेका घरट्याची रोजची हकीकत त्यांनी टिपली, आणि त्यातून जे बाहेर आले ते तोवर कोणी नीट मांडलेले नव्हते. खोपा विणतो तो नर. तो अर्धाच विणून थांबतो, टोपासारखा आकार झाला की पंख फडफडवीत माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरून विणकाम ओढून पाहतात, आणि एखादीला पसंत पडला तरच तो पुढची नळी विणून घर पुरे करतो. ती अंड्यांवर बसली की हा शेजारी दुसरा खोपा आरंभितो. आपल्या भाषेने या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव दिले आणि बहिणाबाई चौधरींनी त्याच्या खोप्यात आईची माया पाहिली. तरीही शिंदीच्या झावळीवरून पात्याची चीर ओढून नेणारा तो पिवळ्या डोक्याचा नर पाहुण्याला प्रत्यक्ष दाखविला की त्याच्या चेहऱ्यावर जो आश्चर्याचा प्रकाश पडतो, तो मला फार आवडतो. या पाहणीला तिकीट नाही, फाटक नाही. श्रावणातली एक उघडीप, विहिरीकाठचे एखादे झाड, आणि पाऊण तास गप्प बसण्याची तयारी एवढेच लागते.

गावाच्या नावाचीही एक गोष्ट मी चालता चालता सांगतो. या भागात घाण्यावर तेल काढणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायली लोक शतकानुशतके राहिले. त्यांच्या पूर्वजांचे गलबत जवळच नवगावच्या किनाऱ्याशी फुटले अशी परंपरा आहे, आणि तेथे त्यांची जुनी दफनभूमी आहे. गावावरून आडनाव घेण्याचा आपला रिवाज त्यांनीही उचलला. त्या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या आडनावात हे किहीमच आहे.

मुक्काम एका रात्रीचा तरी असावा, असे मी म्हणतो ते थंडीत विशेषतः पोपटीसाठी. मावशींनी द्वादशीस उपवास सोडला आणि त्या संध्याकाळी वाडीतल्या मुलांनी मडके लावले. तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर ओवा-मीठ चोळलेल्या वालाच्या कोवळ्या शेंगा, मध्ये बटाटे, वांगी, कांदे, पुन्हा पाला ठासून मडके पालथे घालावयाचे आणि भोवती पालापाचोळा, गोवऱ्या रचून पेटवावयाचे. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर शिंतोडा मारून चुरचुर ऐकतात आणि मग ते उघडतात; त्या पाल्याचा उग्र, कडवट-गोड वास शेंगांत पार मुरलेला असतो. मावशींनी पदराने धरून एकेक शेंग सोलली आणि परत निघताना वालाचे बी मागून घेतले. रस्त्यावर पांढऱ्या कांद्याच्या नव्या माळा लागल्या होत्या. २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळालेला हा अलिबागचा कांदा. त्यांनी त्याची एक वेणी घेतली आणि लाँचमध्ये पूर्ण वेळ मांडीवर धरून ठेवली.

वाल त्यांच्या काळ्या जमिनीत उगवले की नाही, ते त्यांनी कळविले नाही. परंतु गेल्या आषाढीस त्यांचा फोन आला. फराळाचे झाले का, पाऊस कसा आहे, ही विचारपूस झाली, आणि मग त्या म्हणाल्या, “आज अकरावी तिथी ना जवाईबापू? मंग सव्वादोनले पानी मागं गेलं असंल तुमचं.”

मी घड्याळात पाहिले. दोन वाजून दहा मिनिटे झाली होती.