शीर्षकांवरून वाचन : एका ब्राउझर-विस्तारकाविषयीचे अभिप्राय आणि त्यांचा खरा पत्ता

प्रस्तावना

संकेतस्थळावरील दीर्घ मजकूर डोळस वाचक पहिल्या ओळीपासून अखेरपर्यंत क्वचितच वाचतो. मोठ्या व ठळक अक्षरांतील शीर्षकांवरून तो नजर फिरवतो आणि हवा तो भाग दिसला की तेथे थांबतो. जेकब नील्सन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत ७९ टक्के व्यक्तींनी नवे पान केवळ चाळले होते; शब्दन्‌शब्द वाचणारे अवघे १६ टक्के होते. चाळण्याची ही गरज अंध वाचकालाही तितकीच असते. परंतु पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावली, म्हणजे स्क्रीन रीडर, त्याच्यापुढे तो मजकूर एका सलग ध्वनिप्रवाहाच्या रूपाने ठेवते. या प्रवाहात मधेच उतरण्यासाठी त्याला जे घाट उपलब्ध असतात, त्यांत शीर्षके प्रमुख होत. अमेरिकेतील युटा स्टेट विद्यापीठाशी संलग्न असलेल्या वेबएम या संस्थेने डिसेंबर २०२३ व जानेवारी २०२४ मध्ये स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची जी पाहणी केली, तीत लांबलचक पानावर माहिती शोधताना प्रथम शीर्षकांचा आधार घेतो असे ७१.६ टक्के उत्तरदात्यांनी सांगितले.

शीर्षकांवरून संचार करण्याची सोय ब्राउझरमध्ये जोडून देणाऱ्या छोट्या पूरक आज्ञावल्या उपलब्ध आहेत. एक्स्टेन्शन या नावाने त्या परिचित आहेत. येथे त्यांना विस्तारक म्हटले आहे. अशा विस्तारकाविषयी वापरकर्ते जे अभिप्राय देतात ते कसे वाचावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न आहे. या विषयाकडे लक्ष जाण्याचे निमित्त अगदी घरगुती होते. प्रस्तुत लेखकाने स्वतःच तयार करून महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या अभ्यासटिपणांचे पान कुतूहलाने अशा विस्तारकातून उघडले, तेव्हा शीर्षकांची चौकट रिकामी आली. पानावर शीर्षके तर डोळ्यांना स्वच्छ दिसत होती. विस्तारक बिघडलेला आहे, हाच पहिला निष्कर्ष काढला गेला आणि तक्रार लिहिण्याची तयारीही झाली होती.

शीर्षक दिसणे आणि शीर्षक असणे

विस्तारक बिघडलेला नव्हता. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये एचटीएमएल या भाषेतील खुणांची जी पहिली यादी प्रसिद्ध केली, तीतच शीर्षकांच्या एच१ ते एच६ अशा सहा पातळ्या होत्या. ही खूण अक्षरे मोठी करण्यासाठी नसून ‘येथून अमुक पातळीचा नवा विभाग सुरू होतो’ हे यंत्राला सांगण्यासाठी आहे. अक्षरे मोठी दिसतात तो तिचा केवळ दृश्य परिणाम होय. लेखकाने मात्र साधा परिच्छेद लिहून त्याला ठळकपणा व मोठा आकार दिला होता. माणसाच्या डोळ्याला ते शीर्षक वाटले; यंत्राच्या लेखी तो केवळ एक जाड परिच्छेद राहिला. वर्ड आज्ञावलीतही हाच भेद आहे. तेथील ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या शैली रचना सांगतात, तर ‘बी’ हे बटण केवळ रूप बदलते.

हेडिंग्जमॅप हा क्रोम व फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांसाठी असलेला या वर्गातील सुपरिचित विस्तारक. पानातील शीर्षके वेचून तो बाजूच्या चौकटीत त्यांचा वृक्ष मांडतो. त्यातील नोंदीवर टिचकी मारताच पान त्या ठिकाणी सरकते; दुसऱ्या पातळीवरून एकदम चौथ्या पातळीवर उडी घेतलेली असल्यास ती चूक म्हणून दर्शवली जाते. ही कल्पना अगदी नवी नाही. ऑपेरा ब्राउझरच्या जुन्या आवृत्त्यांत ‘एस’ कळीने पुढील व ‘डब्ल्यू’ कळीने मागील शीर्षकावर जाण्याची सोय मुळातच होती. २०१३ मध्ये ऑपेराने स्वतःचे इंजिन सोडून क्रोमियमचा स्वीकार केला. क्रोम वा फायरफॉक्स यांच्यात अशी सोय अंगभूत नाही. विस्तारकांना वाव मिळतो तो येथे.

अभिप्राय कोणाचे?

वापरकर्त्यांच्या अभिप्रायांचा पद्धतशीर अभ्यास संगणकशास्त्रात झालेला आहे. पगानो व मालेज यांनी २०१३ मध्ये अॅपलच्या आज्ञावली-भांडारातील दहा लाखांहून अधिक अभिप्राय तपासले. नवी आवृत्ती आल्यावर लगेच अभिप्रायांची गर्दी होते आणि ती झपाट्याने ओसरते, असे त्यांना आढळले. हू, पाव्हलू व झांग यांनी २००९ मध्ये वस्तूंच्या मूल्यांकनातील एक दोष पुढे आणला : अतिशय संतुष्ट आणि अतिशय असंतुष्ट असेच लोक प्रामुख्याने लिहितात, मधले गप्प राहतात. त्यामुळे तारकांच्या सरासरीवरून फारसे काही ठरवता येत नाही. हे निष्कर्ष विस्तारकांनाही लागू पडावेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीने जुन्या धर्तीचे सर्व विस्तारक बंद केले. काल चालणारे साधन आज चालेनासे झाले, तर सामान्य वापरकर्ता दोष साधनाला देतो. खालची जमीन हलली आहे हे त्याला दिसत नाही.

शीर्षक-विस्तारकाच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे व ती अधिक महत्त्वाची. ज्यांचे हित शीर्षकांवर सर्वाधिक अवलंबून आहे, ते अंध वाचक या अभिप्रायदात्यांत फारसे नसण्याचा संभव आहे. त्यांना या विस्तारकाची गरजच नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन यांनी सुरू केलेल्या एनव्हीडीए या विनामूल्य स्क्रीन रीडरमध्ये ‘एच’ कळ दाबली की पुढील शीर्षक येते, ‘१’ ते ‘६’ या कळांनी त्या-त्या पातळीवर जाता येते. जॉजमध्येही तशीच सोय आहे. विस्तारक उपयोगी पडतो तो माउस वापरू न शकणाऱ्या डोळस व्यक्तीला, दीर्घ दस्तऐवज वाचणाऱ्या अभ्यासकाला आणि पानाची तपासणी करणाऱ्याला. म्हणजेच रिकाम्या चौकटीमुळे डोळस वापरकर्ता चिडतो तेव्हा, अंध वाचकाला त्या पानावर रोज जे भोगावे लागते, त्याचा एक अंश त्याने अनुभवलेला असतो.

तक्रारींचे पृथक्करण

मालेज व नाबिल यांनी २०१५ मध्ये अभिप्रायांचे चार प्रकार मानले : दोषनिवेदन, नव्या सोयीची मागणी, वापराचा अनुभव आणि केवळ मूल्यांकन. हे वर्गीकरण उपयुक्त आहे. तथापि आपल्या विषयात ‘दोषनिवेदन’ हा एक प्रकार पुरत नाही. दोष कोणाचा, हा प्रश्न तेथे निराळा विचारावा लागतो.

काही दोष निःसंशय विस्तारकाचे असतात. शीर्षकावर उडी मारल्यावर पानाच्या माथ्यावरची स्थिर पट्टी त्या शीर्षकालाच झाकते, अशी तक्रार सहज संभवते. पट्टीच्या उंचीएवढी जागा सोडण्याचा हिशेब साधनकर्त्याने करायला हवा. (पान रचणाराही आपल्या बाजूने ही जागा राखू शकतो.) पान उघडल्यानंतर मागाहून भरला जाणारा मजकूर विस्तारकाच्या यादीत येत नाही, हीदेखील साधनाचीच उणीव, पानातील बदलांवर सतत लक्ष ठेवण्याची योजना त्यासाठी करावी लागते. एकाच अक्षराची कळ नेमून दिली आणि ती बदलण्याची मुभा ठेवली नाही, तर बोलून संगणक चालवणाऱ्यांची पंचाईत होते : उच्चारलेल्या शब्दांतील अक्षरेच आज्ञा ठरू लागतात. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यता-निकषांत याविषयी स्वतंत्र नियम घालण्यात आला.

परवानगीविषयीची शंका वेगळ्या जातीची आहे. सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचण्याची व बदलण्याची अनुमती हा विस्तारक मागत आहे, असा इशारा ब्राउझर देतो आणि वापरकर्ता दचकतो. त्याचे दचकणे रास्त आहे. परंतु पान वाचल्यावाचून त्यातील शीर्षके कळणार कशी? केवळ बटण दाबल्यावर व तेवढ्याच पानापुरती परवानगी घेण्याचा मार्ग उपलब्ध आहे; मात्र मग प्रत्येक पानावर कळ तत्काळ चालावी ही अपेक्षा सोडून द्यावी लागते. दोन्ही मागण्या एकाच व्यक्तीच्या असू शकतात.

उरलेल्या तक्रारी म्हणजे ‘काहीच दिसत नाही’, ‘क्रम उलटसुलट येतो’, ‘एकच शीर्षक दहा वेळा येते’. यांचे मूळ बहुधा पानात असते. कधी लहान अक्षरे आवडली म्हणून लेखकाने दुसऱ्या पातळीऐवजी चौथी वापरलेली असते, कधी प्रत्येक जाहिरातीला शीर्षकाची खूण दिलेली असते. या गोंधळाला प्रमाणकर्त्यांचाही हातभार लागला. २०१४ मध्ये शिफारस म्हणून मान्य झालेल्या एचटीएमएल५ मध्ये विभागांच्या गुंफणीवरून शीर्षकाची पातळी आपोआप ठरावी अशी कल्पना होती. त्या भरवशावर अनेकांनी सर्वत्र पहिल्याच पातळीची खूण वापरली. मात्र ब्राउझरांनी ती योजना स्क्रीन रीडरपर्यंत कधी पोहोचवलीच नाही आणि २०२२ मध्ये ती प्रमाणातून काढण्यात आली. मधल्या काळात खरा वृक्ष कोणता दाखवावा, हा प्रश्न विस्तारककर्त्यांपुढे होता.

मराठी पानांपुरता एक विशेष अडथळा नमूद करणे आवश्यक आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टांत टंकलेल्या पानांवर संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षरे नसतातच. रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. विस्तारकाची चौकट मूळ फॉन्ट उचलत नाही, त्यामुळे तेथे निरर्थक रोमन अक्षरांची खिचडी उमटते. स्क्रीन रीडर तीच खिचडी मोठ्याने वाचतो. येथेही दोष विस्तारकाचा नव्हे.

आपल्या दाराशी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४२ माहिती व संपर्क यांच्या सुगम्यतेविषयी आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चाच भाग असल्याचे स्पष्ट केले. ‘नॅक’च्या मूल्यांकनातही दिव्यांगस्नेही संकेतस्थळाविषयी विचारणा होत आली आहे, आणि आपण तेथे होकार भरतो. त्याच संकेतस्थळावर परीक्षेचे वेळापत्रक मात्र सही-शिक्क्यानिशी छायाप्रत काढून चढवलेले असते. त्यात शीर्षकच काय, यंत्राला वाचता येईल असे एक अक्षरही नसते. अशा चित्रावर कोणताही विस्तारक चालत नाही, आणि अंध विद्यार्थ्याला पेपर किती वाजता आहे हे वर्गमित्राला विचारावे लागते.

प्रस्तुत लेखकाच्या टिपणांची दुरुस्ती एका दुपारीत झाली. ठळक परिच्छेदांच्या जागी शीर्षकांच्या खुणा दिल्या, जुन्या फॉन्टमधील दोन प्रकरणे युनिकोडमध्ये आणली व विस्तारक पुन्हा चालवला. वृक्ष उमटला. त्यात तिसऱ्या प्रकरणाखाली एक पातळी वगळल्याची खूण आली : तेथे ‘उदाहरणे’ हा शब्द लहान दिसावा म्हणून सवयीने चौथी पातळी दिली गेली होती. विस्तारककर्त्याला पाठवायची तक्रार मसुद्यांतून काढून टाकली.