अठरा पूर्ण होण्याची वाट

जोई लोगानोचा जन्म 24 मे 1990 रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यात झाला. नॅसकार या अमेरिकी मोटार शर्यत संस्थेच्या राष्ट्रीय मालिकांत 18 वर्षांखालील चालकांना तेव्हा मज्जाव होता. आधीच बोलबाला झालेल्या या मुलाला थांबावे लागले. वाढदिवसानंतर आठवड्याभरात तो दुसऱ्या श्रेणीच्या नेशनवाइड मालिकेत उतरला आणि तिसऱ्याच शर्यतीत, केंटकीला, जिंकला. 2009 मध्ये जो गिब्ज संघाने त्याला सर्वोच्च श्रेणीच्या कप मालिकेत आधीचा चालक टोनी स्टुअर्टची 20 क्रमांकाची गाडी दिली. 28 जूनला न्यू हॅम्पशायरची 301 फेऱ्यांची शर्यत पावसाने 273व्या फेरीवर संपली, तेव्हा लोगानो आघाडीवर होता. विजयाला नशिबाचा हात लागला, पण विक्रम खराच: 19 वर्षे 35 दिवस, कप मालिकेतील तोवरचा सर्वांत तरुण विजेता. पुढची तीन वर्षे अपेक्षेच्या मानाने फिकी गेली. 2013 मध्ये तो पेन्स्के संघात गेला. पहिले कप अजिंक्यपद 2018 मध्ये मिळाले.