इंटरनेटचा पी. पी. नंबर

पूर्वी व्हिजिटिंग कार्डावर दूरध्वनी क्रमांकापुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरं असत. फोन आपला नाही, शेजाऱ्यांचा आहे, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडून विनंती यायची, “जरा वरच्या मजल्यावरच्या काकूंना बोलावता का?” मग शेजारचा मुलगा जिन्यात उभा राहून हाक मारायचा आणि काकू पदराला हात पुसत धावत यायच्या. नंबर एक, त्यावर अर्धा वाडा. कार्डांवरून ती अक्षरं केव्हाच गेली. पण आपल्या घरातले संगणक आजही बहुतेक वेळा पी. पी. नंबरावरच इंटरनेट वापरतात.

खात्री करून बघा. लॅपटॉप आणि फोन एकाच वाय-फायला जोडा आणि दोन्हींच्या सेटिंगमध्ये आयपी पत्ता शोधा. एकावर १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्यावर १९२.१६८.१.७ असं काहीतरी दिसेल. आता आपला आयपी पत्ता दाखवणारं एखादं संकेतस्थळ दोन्हींवर उघडा. तिथे दोघांचा पत्ता एकच, आणि सेटिंगमधल्या दोन्हींहून निराळा! (लांबलचक, मध्येच इंग्रजी अक्षरं असलेला पत्ता दिसला, तर त्याची गोष्ट शेवटी.) बाहेरच्या जगाला तुमचं घर एवढंच ठाऊक असतं, घरात कोण कोण आहे, हे नाही.

ही तडजोड करावी लागली, कारण पत्ते कमी पडले. १९७०च्या दशकात व्हिंट सर्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटचा आराखडा आखताना प्रत्येक पत्त्याला ३२ बिट दिले. त्यातून ४,२९,४९,६७,२९६ म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. एका प्रयोगाला एवढे पुष्कळ होते. पण तो प्रयोग पुढे जगभर पसरला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच हिशेब चुकणार हे दिसू लागलं. १९९४च्या मार्चमध्ये काही पत्ते फक्त आतल्या वापरासाठी राखून ठेवायची सूचना आली. १९२.१६८ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते त्यातलेच. हे पत्ते घरोघरी पुन्हा पुन्हा वापरता येतात, जशी प्रत्येक इमारतीत ‘खोली क्रमांक ५’ असू शकते. त्याच वर्षी मे महिन्यात केल्ड एगेवँग आणि पॉल फ्रान्सिस यांनी आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याची युक्ती मांडली. तिचं नाव नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, थोडक्यात ‘नॅट’. कायमचा उपाय सापडेपर्यंतची ही सोय होती.

हे काम करतो तो कोपऱ्यात लुकलुकणारा राऊटर. समजा, मुलगी लॅपटॉपवर रेल्वेचं आरक्षण बघते आहे. तिची मागणी छोट्या पाकिटांतून निघते. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो १९२.१६८.१.५ आणि सोबत पोर्ट क्रमांक, म्हणजे उत्तर लॅपटॉपमधल्या कुठल्या कामासाठी आहे हे ओळखण्याचा आकडा, समजा ५१०००. राऊटर हा पत्ता खोडून तिथे घराचा बाहेरचा पत्ता लिहितो आणि पोर्ट करतो ४०००१. पाकिटावरचा मजकूर बदलला की पाकीट वाटेत बिघडलं नाही ना हे कळण्यासाठी त्यावर लिहिलेली तपासणीची बेरीजही चुकते, म्हणून तीही नव्याने मांडतो. मग आपल्या वहीत नोंद करतो: ४०००१ म्हणजे १९२.१६८.१.५चा ५१०००. त्याच क्षणी वडिलांच्या फोननेही ५१००० हाच पोर्ट निवडला असला तरी घोटाळा होत नाही; त्याला बाहेर ४०००२ मिळतो. उत्तर आलं की राऊटर पोर्ट बघतो, वही उघडतो आणि पाकीट बरोबर माणसाच्या हातात देतो. जिन्यात हाक मारणारा मुलगा तो हाच. पोर्ट क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे वहीत हजारो नोंदींना जागा असते.

१९९९मध्ये विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सोय घरगुती संगणकावर आली. मोडेम एकाच संगणकाला, बाकीचे त्याच्यामागे. अट एवढीच की तो संगणक सतत चालू हवा. तो बंद केला की सगळं घर इंटरनेटविना.

पत्ता वाटून घेता आला तरी तारेचा वेग मात्र वाढत नाही. दीड हजार बाइटचं एक पाकीट ५६ केबीपीएसच्या मोडेमवरून जायला सेकंदाचा पाचवा भाग लागे. ५० एमबीपीएसच्या जोडणीवर पाव मिलिसेकंद पुरतो. पाकिटं एकाआड एक इतक्या झपाट्याने निघतात की प्रत्येकाला तार आपल्या एकट्याचीच वाटते. पण कुणी लग्नाचे सातशे फोटो एकदम चढवायला घेतले की राऊटरच्या दाराशी रांग लागते. ऑफिसच्या कॉलवरचं छोटंसं पाकीट त्या वऱ्हाडामागे अडकतं आणि आवाज तुटायला लागतो. चांगले राऊटर म्हणूनच प्रत्येकाची रांग वेगळी लावतात आणि आळीपाळीने सोडतात.

नॅटची खरी मेख वेगळीच आहे. वहीत नोंद होते ती आतून कुणी बाहेर गेलं तरच. बाहेरून आपणहून आलेल्या पाकिटाला वहीत जागा नसते, म्हणून राऊटर ते टाकून देतो. जिन्यातल्या मुलाला निदान काकूंचं नाव तरी सांगितलेलं असे. इथे तेही नाही. पत्त्याचा मूळ अर्थच यात हरवतो, हा तोटा मूळ प्रस्तावातच नोंदवलेला आहे. दोन घरांतले दोघं व्हिडिओ कॉल करतात, तेव्हा दोघंही पी. पी. असतात. मग दोन्ही फोन आधी एका तिसऱ्या संगणकाला विचारतात, “मी बाहेरून कसा दिसतो?” ती माहिती एकमेकांना कळली की दोघंही एकदमच पाकिटं सोडतात, म्हणजे दोन्ही राऊटरच्या वहीत नोंद होते आणि दारं उघडतात. ते जमलं नाही तर सगळं संभाषण मधल्या संगणकावरून फिरवावं लागतं.

तात्पुरती सोय मात्र मुक्कामालाच राहिली. ३ फेब्रुवारी २०११ रोजी ३२ बिटी पत्त्यांचा जागतिक मध्यवर्ती साठा संपला. आता अनेक कंपन्या तुमच्या राऊटरलाही खरा पत्ता देत नाहीत. राऊटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुमच्यापुढे कंपनीचंही नॅट आहे. म्हणजे पी. पी.चाही पी. पी.

यावरचा उपाय १९९५मध्येच लिहून झाला होता: आयपीव्ही६, १२८ बिटांचे पत्ते, ३४ वर ३७ शून्यांइतके. तो लांबलचक पत्ता यातलाच. त्याच्या वापरात भारत आज जगातल्या आघाडीच्या देशांत आहे आणि त्यात मोबाइल जाळ्यांचा वाटा मोठा आहे. या पद्धतीत प्रत्येक उपकरणाला स्वतःचा नंबर मिळतो, हाक मारायची गरज उरत नाही. पण वहीत नोंद नाही म्हणून आगंतुकांना परत पाठवायचं कामही तो जिन्यातला मुलगा नकळत करत होता. आता ते काम राऊटरमधल्या फायरवॉलला जाणूनबुजून करावं लागतं. घरात स्वतःचा फोन आला की दाराशी कोण आलं आहे, हेही आपणच बघायचं असतं.