चार बाय पाच फुटांची पेढी

पहाटे ३.४०

जनता वसाहतीच्या उतारावरून मावशी खाली येतात. काखेत दोन रिकाम्या गोण्या, कमरेला कापडी पिशवी, पिशवीत २,४०० रुपये. नोटा रात्रीच मोजून, रबर लावून ठेवलेल्या. खाली रिक्षा उभी आहे आणि आत दोघीजणी आधीच बसल्या आहेत. मार्केट यार्डात जायचं आणि माल घेऊन मंडईपर्यंत यायचं, असे मिळून १८० रुपये. तिघींत वाटून डोईला ६०.

मावशींचा धंदा हिरव्या मसाल्याचा. मिरची, आलं, लिंबू, कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता. वय बावन्न. नवरा हमाल होता, गुडघे गेले तेव्हापासून घरी असतो. पुण्यात महात्मा फुले मंडईच्या बाहेर रस्त्याच्या कडेला त्यांची पथारी आहे, चार फूट बाय पाच फूट.

पहाटे ४.१५

गुलटेकडी. यार्डात दिवे लख्ख आणि ओरडा मोठा. मावशी ओरडत नाहीत. कोथिंबिरीची जुडी उचलतात, उलटी करतात, मुळं बघतात, मधे बोटं घालतात. "पाणी मारलंय. दुपारपर्यंत काळी पडंल." दुसरा गाळा. तिथली जुडी कोरडी आहे. भाव उधारीला ११, रोखीला ९.

मावशी रोख मोजतात. ६० जुड्या, ५४० रुपये. कर्ज मिळण्याआधी त्या उधारीवरच माल उचलायच्या. संध्याकाळी धंदा, दुसऱ्या दिवशी पैसे. तेव्हा प्रत्येक जुडीमागे दोन रुपये जास्त जायचे. साठ जुड्यांमागे १२०. खिशात भांडवल असलं की तेवढे रोज वाचतात, तेही फक्त कोथिंबिरीवर.

मिरची १० किलो, ४८ने. आलं ५ किलो, ७०ने. एक बोट मोडून वास घेतल्यावरच. लिंबं दोनशे, शेकडा २५०. कढीपत्ता १०० रुपयांचा, पुदिना २० जुड्या ८० रुपयांना. आज मार्गशीर्षातला गुरुवार आहे, म्हणून पूजेच्या पत्रीच्या ३० जुड्या, आठ रुपयांनी. सगळे मिळून २,२९०.

गाळ्यापासून रिक्षापर्यंत हमाल माल आणतो. २० रुपये.

सकाळी ६.१०

पथारी मांडायची म्हणजे आधी झाडायचं. रात्रीचा कचरा, पानपट्टीचे कागद, कुणाचा तरी चहाचा कप. मग गोणपाट ओलं करून अंथरायचं, त्यावर दोन क्रेट उपडे घालायचे, त्यांवर फळी. फळीवर मिरची आणि आलं, खाली ओल्या गोणपाटात कोथिंबीर. लिंबं पुढं, कारण गिऱ्हाइकाची नजर आधी पिवळ्यावर जाते. हे मावशींचं म्हणणं, आणि दिवसभर ते खरं ठरताना दिसतं.

वजनकाटा फळीच्या उजव्या टोकाला. साडेतीन हजारांचा, इलेक्ट्रॉनिक. दर वर्षी त्याची तपासणी करून शिक्का घ्यावा लागतो. हा काटा 'स्वनिधी'च्या पहिल्या कर्जातून आला.

प्रधानमंत्री स्वनिधी योजना १ जून २०२० रोजी सुरू झाली. टाळेबंदीत रस्ता बंद, यार्ड बंद, मावशींचं भांडवल घरातच खाऊन संपलेलं. त्याआधी लेकीच्या बाळंतपणाला एका सावकाराकडून दहा हजार उचलले होते, महिना शेकडा दहाने. महिन्याला हजार रुपये व्याज आणि मुद्दल तसंच. योजनेत पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं, तारण नाही, एका वर्षात फेडायचं. काट्याचे साडेतीन हजार गेले, उरलेल्यातून धंदा उभा राहिला. धंद्यातून आधी सावकार मोकळा केला, मग बँक. ते फिटलं म्हणून पुढचं २०,००० मिळालं, १८ हप्त्यांचं. हप्ता १,२२० रुपये.

सकाळी ७.३०

भवानी. जवळच्या खाणावळीचा माणूस दीड किलो मिरची आणि वीस लिंबं घेतो. १८० रुपये, त्यातले ८० नोटांनी, बाकीचे फोनवरून. मावशी नोटा डोळ्यांना लावतात. फोनवरच्या शंभराचं काय करायचं हे त्यांनी ठरवून टाकलंय: पेटीतून आवाज येतो, "शंभर रुपये प्राप्त झाले", आणि त्या पेटीलाच हात जोडतात.

सकाळी ९.४५

गर्दी. मार्गशीर्ष गुरुवार म्हटल्यावर बायका फळं, फुलं, पत्री घ्यायला निघालेल्या. पत्री २० रुपयांना. वीस जुड्या तासाभरात जातात.

"मावशी, कोथिंबीर कशी?"

"पंधरा. घ्या ताई, कोरडी आहे."

"दहाला द्या. आणि वरून कढीपत्ता."

तेराला तुटतं. कढीपत्त्याची काडी वरून जातेच. पुण्यातलं गिऱ्हाईक कढीपत्त्याचे पैसे द्यायला तयार नसतं आणि तो दिला नाही तर पुढच्या पथारीवर जातं. शंभर रुपयांच्या कढीपत्त्यातला बराच भाग असा कोथिंबिरीच्या सोबतीनं जातो. बाकीचा पाच-पाच रुपयांना विकतात हॉटेलवाल्यांना आणि इडलीच्या गाड्यांना.

बसायला स्टूल आहे, पण मावशी उकिडव्याच असतात. स्टुलावर बसलं की मिरची निवडता येत नाही. दर अर्ध्या तासाला कोथिंबिरीवर पाण्याचा हबका. भिजवायची नाही, ओली ठेवायची.

सकाळी ११.३०

गर्दी ओसरते तशा मावशी मोबाईल बघतात. आजचे फोनवरचे व्यवहार २३.

'स्वनिधी'च्या कर्जासोबत एक बक्षीस होतं. महिन्यात ५० डिजिटल व्यवहार झाले की ५० रुपये खात्यात, पुढच्या ५० ला २५, त्यापुढच्या १०० ला आणखी २५. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १००, वर्षाला १,२००. पण व्यवहार किमान २५ रुपयांचा हवा. मावशींच्या फळीवरचा बहुतेक सौदा दहाचा, पंधराचा, विसाचा.

"दहाची लिंबं घेतली, फोनवरनं दिले. पेटी बोलली. पण ते धरत न्हाईत," मावशी सांगतात. तेवीसपैकी मोजण्यात येणारे सहा.

तरीही फोनवरच्या व्यवहाराचा त्यांना दुसरा उपयोग झाला. बँकेच्या पासबुकात रोजची जमा दिसायला लागली. इतकी वर्षं धंदा केला आणि त्याची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती.

दुपारी १.१५

भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. ठेचा आपल्याच मिरचीचा. शेजारच्या लसूणवाल्या अक्कांना पथारीवर लक्ष ठेवायला सांगून मावशी स्वच्छतागृहात जाऊन येतात. एका वेळेला पाच रुपये. दिवसात दोनदाच जायचं, म्हणून त्या पाणी बेतानं पितात.

समोर मंडईची दगडी इमारत. मधला मनोरा, त्याला अष्टकोनी आकार आणि बाजूंना पसरलेली दालनं. १८८६ मध्ये ती उघडली तेव्हा नाव होतं रे मार्केट. सार्वजनिक पैशातून शहराच्या मधोमध बाजार उभारायचा, हा विचार पुण्यात इतका जुना आहे. आणि त्यावरचा वादही. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लागावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे मंडईला त्यांचंच नाव मिळालं.

आत गाळे आहेत, डोक्यावर छप्पर आहे. मावशी बाहेर. उन्हाला एक छत्री, तिचा एक दांडा मोडलेला, दोरीनं बांधलेला.

दुपारी २.३०

पतसंस्थेचा पिग्मीवाला येतो. रोज १०० रुपये. पन्नास घरासाठी, पन्नास हप्त्यासाठी. हप्त्याला रोजचे ४१ पुरतात, पण पावसाळ्यात आठ-दहा दिवस बसता येत नाही. त्याची बेगमी कोरड्या दिवसांतच करायची.

त्याच्या पाठोपाठ तुळशीबागेकडं मोजे विकणारा एक पोरगा येतो. त्याला कर्जाचं विचारायचंय. मावशी हातातली मिरची न सोडता सांगतात: आधार घे, मोबाईल आधारला जोडलेला आहे का बघ, पासबुक घे, आणि विक्री प्रमाणपत्र. प्रमाणपत्र नसेल तर शिफारसपत्रासाठी अर्ज कर.

"मावशी, आता पहिलंच पंधरा हजारांचं मिळतंय म्हणे."

मिळतंय. ऑगस्ट २०२५ मध्ये योजना बदलली आणि ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली गेली. पहिलं कर्ज १५,००० झालं, दुसरं २५,०००; तिसरं ५०,००० च राहिलं. हप्ता वेळेवर भरला तर वर्षाला सात टक्के व्याज सरकार भरतं, ते खात्यात परत येतं.

"मिळंल रे," मावशी म्हणतात. "पण पहिला हप्ता चुकवू नको. बाकी सगळं त्याच्यावर."

संध्याकाळी ४.५०

कोपऱ्यावरून शिट्टी. अतिक्रमणाची गाडी आली.

मोजेवाल्या पोराची चादर चार टोकांनी उचलली जाते, गाठ बसते आणि तो बोळात नाहीसा होतो. टिकल्यावाली, रुमालवाला, दोन फुगेवाले, सगळे गायब. मावशी उठत नाहीत. पुढचा क्रेट ओढून रेषेच्या आत घेतात, कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं प्रमाणपत्र काढून मांडीवर ठेवतात. हात मात्र थोडे घाईत आहेत. माल उचलला गेला तर सोडवायला दंड, आणि सुटेपर्यंत कोथिंबीर राहत नाही.

२०१४ चा पथविक्रेता कायदा म्हणतो की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आणि त्यात एक तृतीयांश बायका असाव्यात, असंही त्यात लिहिलंय. मावशींना कलमं पाठ नाहीत. मतलब पाठ आहे.

गाडी पुढं जाते. वीस मिनिटांनी चादरी परत अंथरल्या जातात. त्या वीस मिनिटांत त्यांचं जे गिऱ्हाईक होतं ते गेलेलं असतं.

संध्याकाळी ६.३०

मंडईचं मेट्रो स्थानक भुयारी आहे. सप्टेंबर २०२४ पासून गाड्या थेट स्वारगेटपर्यंत धावतात. कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून माणसं वर येतात. ही गर्दी सकाळच्यासारखी नाही. तिच्याकडे पिशवी नसते आणि वेळही नसतो.

"दहाची मिरची, दहाचं आलं, एक कोथिंबीर. चालेल?"

मावशींनी यासाठी कागदाच्या पुड्या बांधून ठेवल्यात: थोडी मिरची, बोटभर आलं, दोन लिंबं, कढीपत्ता. एक पुडी ३० रुपये. उचला आणि चला. दोन तासांत अकरा पुड्या जातात. तिसात २५ बसतात, म्हणून पैसे फोनवरून आले तर बक्षिसाच्या मोजणीतही धरले जातात. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नाही.

रात्री ८.४५

भाव उतरतो. उरलेली कोथिंबीर वीसला दोन, मग दहाला एक. आठ जुड्या पिवळ्या पडल्या, त्या बाजूला. दीड किलो आलं उद्याला चालेल. पत्रीच्या तीन जुड्या राहिल्या. उद्या शुक्रवार, त्यांना कुणी विचारणार नाही.

रात्री ९.३०

हिशेब. नोटा, चिल्लर आणि फोन मिळून ३,३००. मालाचे २,२९० गेले. रिक्षा ६०, हमाली २०, चहा २०, स्वच्छतागृह १०, पुड्यांचा कागद १५, आणि क्रेट व काटा रात्री जिन्याखाली ठेवू देणाऱ्या दुकानदाराला ३०. राहिले ८५५. पिग्मीचे १०० वजा केले की ७५५. परवाना शुल्क आणि पेटीचं भाडं महिन्याच्या शेवटी वेगळं. अठरा तासांची ही कमाई, तीही सणासुदीच्या दिवसाची.

कर्जाचे चार हप्ते उरलेत. बँकेतून विचारणा झालीय, पुढचं पन्नास हजारांचं घेणार का? तीन वर्षांची मुदत आहे, नाव चांगलं आहे, मिळेल.

मावशी नाही म्हणाल्या.

"पन्नास हजारांचा माल मांडू कुठं? दुप्पट आणला तर निम्मा कुजंल. वीस हजारात मी रोखीनं घ्यायला लागले, माझं भागलं. आता पैसा नको. पावसात बसता येईल असा पत्रा द्या वर. दोन फूट जागा वाढवून द्या. पाण्याचा नळ द्या. मग बघा मी कर्ज किती दिवसांत फेडते."

रविवारी पथारीवाल्यांच्या संघटनेची बैठक आहे. मावशी या वेळी मागं बसणार नाहीत. पत्रा, नळ आणि दोन फूट, या तीन गोष्टी त्यांनी अक्कांच्या नातीकडून कागदावर लिहून घेतल्यात. खाली आणखी अकरा पथारीवाल्यांच्या सह्या आहेत, त्यांतले चार अंगठे.