एक ख्रिस्त, अनेक मंडळ्या : लेखांक सातवा

मागील लेखांकात आपण सोळाव्या शतकातील जिनिव्हापर्यंत आलो होतो. त्रैक्याचा सिद्धान्त नाकारणाऱ्या मायकेल सर्व्हेटसला १५५३ साली तेथे जिवंत जाळण्यात आले, आणि ज्या नगराने रोमच्या धर्मसत्तेविरुद्ध बंड पुकारले होते त्याच नगराने आपल्या मताबाहेर गेलेल्या माणसासाठी रोमसारखीच चिता रचली, हे वाचून सत्य केवळ आपल्यापाशीच आहे असे मानणाऱ्या धर्माला सहिष्णू होणे मुळात शक्य आहे काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात उभा राहील. या प्रश्नाचा शोध आज युरोपात न घेता महाराष्ट्रात घ्यावयाचा आहे. कारण एका महाराष्ट्रीय विदुषीने त्याला आपल्या आयुष्याने जे उत्तर दिले, त्याच्याइतके प्रांजळ उत्तर मला युरोपच्या इतिहासातही क्वचितच आढळले.

त्याआधी मराठवाड्यातील आपल्या वाशीच्या भोवतालचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा मुलूख निजामाच्या अंमलाखाली होता आणि पश्चिमेस बार्शीकडे इंग्रजी हद्द लागत असे. त्या हद्दीत, अहमदनगर व सोलापूर येथे, अमेरिकन मराठी मिशन काम करीत होते. ते काँग्रिगेशनल पंथाचे, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळीला आपला कारभार आपणच पाहण्याचा अखत्यार देणारे. उत्तरेस औरंगाबादेत बिशपांचा अधिकार मानणाऱ्या इंग्लंडच्या चर्चची चर्च मिशनरी सोसायटी होती. जालन्यास स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे नारायण शेषाद्री होते, ज्यांनी शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली. आणि शतक सरता सरता पूर्वेकडे बीदरच्या बाजूस अमेरिकन मेथॉडिस्टांचे काम सुरू झाले. या चौघांचा ख्रिस्त एक आणि बायबलही एक. परंतु मंडळीवर बिशप असावा की वडीलजनांची सभा असावी, की कोणीच नसावे, याविषयी त्यांची मते जुळत नव्हती, आणि ही मते जुळत नाहीत म्हणूनच त्यांच्या पूर्वजांनी युरोपात एकमेकांना देशोधडीला लावले होते. येथे मात्र प्रॉटेस्टंट मिशनांनी आपसांत तह करून मुलूख वाटून घेण्याची रीत पाडली : एकाच्या इलाख्यात दुसऱ्याने ठाणे घालू नये, आणि एकाने शिस्तभंगासाठी वगळलेल्या माणसाला दुसऱ्याने आत घेऊ नये. हा तह सर्वत्र पाळला गेला असे नाही. अहमदनगर जिल्ह्यात अमेरिकन मिशन आणि इंग्लिश चर्चची एस. पी. जी. ही संस्था यांच्यात हद्दीवरून तक्रारी झाल्या, आणि रोमन कॅथलिक मिशने तर या तहात कधी आलीच नाहीत. तरीही तहाचा परिणाम असा झाला की, गावकुसाबाहेरच्या एखाद्या कुटुंबाने ख्रिस्ती होण्याचे ठरविले तर ते प्रेसबिटेरियन होणार की अँग्लिकन, हे त्याच्या विवेकबुद्धीवर नव्हे तर त्याचे गाव कोणाच्या वाटणीस आले आहे यावर ठरू लागले. अशा व्यवस्थेने भांडणे टळतात हे खरे. पण तिला मी सहिष्णुता म्हणणार नाही, कारण सत्य कोणाकडे आहे हा प्रश्न तिने सोडविला नाही, केवळ बाजूस ठेवला.

पंडिता रमाबाईंनी तो बाजूस ठेवू दिला नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. दुष्काळात आईबाप गमावून, पुराणे सांगत हिंदुस्थानभर पायी फिरलेली. कलकत्त्याच्या पंडितसभेने १८७८ साली जिचा ‘सरस्वती’ म्हणून गौरव केला ती. १८८३ साली ती इंग्लंडला गेली, वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीसंघात राहिली, आणि पुण्याहून नीलकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे फादर नेहेमाया, यांनी लिहिलेल्या विवेचनाचा मनावर परिणाम होऊन त्याच वर्षी २९ सप्टेंबरला तिने लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन तिच्या धर्ममाता झाल्या. रमाबाई त्यांना आजीबाई म्हणत. आपली ही शिष्या आता चर्च जे शिकवील ते विनम्रपणे शिकेल, अशी आजीबाईंची अपेक्षा होती, आणि ती वावगी होती असेही नाही.

अडचण आली ती अथनेशियसच्या नावाने चालत आलेल्या विश्वासांगीकाराची. इंग्लंडच्या चर्चच्या प्रार्थनाग्रंथात नाताळ, पुनरुत्थानदिन अशा मोठ्या सणांना तो म्हणण्याची आज्ञा होती, आणि त्याचा आरंभच या घोषणेने होतो की, ही श्रद्धा जो संपूर्ण व निष्कलंक राखणार नाही त्याचा निःसंशय सार्वकालिक नाश होईल. या वाक्यांवरून इंग्लंडच्या चर्चमध्येच दहा वर्षांपूर्वी मोठा वाद माजून गेला होता, आणि अमेरिकेतील त्याच परंपरेच्या एपिस्कोपल चर्चने तर १७८९ च्या आपल्या प्रार्थनाग्रंथातून हा अंगीकार वगळूनही टाकला होता; म्हणजे एकाच कुळातील दोन चर्चांपैकी एकाने जे म्हणणे आवश्यक मानले ते दुसऱ्याने न म्हणताही चालविले. रमाबाईंनी तो उच्चारण्यास नकार दिला. बायबलात जे आपल्याला स्वतःला सापडते ते आपण मानू, परंतु आताच कुठे मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोकळ्या झालेल्या आपण दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान देणार नाही, अशा आशयाचे त्यांनी १८८५ साली जेराल्डिनबाईंना स्पष्ट लिहिले. इंग्लंड-अमेरिकेत त्यांना हाय चर्च, लो चर्च, बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट, क्वेकर, युनिटेरियन अशा अनेकांनी आपापला मार्ग दाखविला, आणि ख्रिस्ती देशांतील हा पंथांचा कोलाहल पाहून आपण किती गोंधळून गेलो, हे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात मोकळेपणाने नोंदविले. प्रत्येक जण आपल्या पंथासाठी शास्त्राधार देई; वेदान्ती, नैयायिक आणि मीमांसक यांचे वाद बालपणापासून ऐकत वाढलेल्या स्त्रीला हे दृश्य अपरिचित नव्हते.

सिस्टर जेराल्डिन यांना केवळ हेकट ठरवून पुढे जाणे मला अन्यायाचे वाटते. त्यांचे म्हणणे असे होते की, शतकानुशतकांच्या भक्तांनी तपासून, सोसून जे जतन केले त्यावर एकट्या माणसाने, तेही नुकत्याच आलेल्या माणसाने, स्वतःला न्यायाधीश नेमणे हा अहंकार आहे. हा युक्तिवाद हलका नाही. गुरुपरंपरा मानणाऱ्या आपल्या समाजाला तर तो सहज पटावा. परंतु तो परंपरेला साक्षीदार मानतो तोपर्यंतच योग्य ठरतो. परंपरा शिक्षा फर्मावू लागली, सार्वकालिक नाशाचा हुकूम आपल्या सहीने काढू लागली, की साक्षीदाराची भूमिका संपते. आणि रमाबाईंनी नेमका तेथेच पाय रोवला. सर्व धर्म सारखेच आहेत असे त्या म्हणत नव्हत्या. ख्रिस्त सत्य आहे हे त्यांना मान्य होते. ते सत्य एखाद्या चर्चच्या दप्तरात शिक्कामोर्तब करून ठेवले आहे, हे अमान्य होते.

आणि म्हणूनच त्यांच्या पुढच्या आयुष्याकडे डोळे झाकून चालणार नाही. बोस्टनला १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन होते, तर उपाध्यक्षांत एपिस्कोपल पंथाचे फिलिप्स ब्रुक्सही होते. त्या असोसिएशनच्या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत बालविधवांसाठी शारदासदन उघडले, आणि तेथे कोणावरही धर्म लादला जाणार नाही असे जाहीर वचन होते. पुढे सदन पुण्यास गेले. रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असे आणि मुली आपण होऊन आत येऊन बसत. यावरून ‘केसरी’ने रान उठविले, आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांसारख्या सल्लागारांनी आपला संबंध तोडला. माझे दार मी का लावावे, हा रमाबाईंचा प्रश्न विवेकस्वातंत्र्याचाच होता. तथापि ज्या बालविधवेला जगात दुसरा निवाराच नाही, तिच्यासमोर तिच्या एकमेव आश्रयदात्रीचे उघडे दार हे नुसते उघडे दार राहत नाही, हेही मान्य केले पाहिजे. आणि या ठिकाणी मी रमाबाईंच्या बाजूने निःशंक उभा राहू शकत नाही. १८९१ च्या सुमारास त्यांच्या श्रद्धेला जी नवी, तीव्र खात्री प्राप्त झाली होती तिने, पुढे त्यांनी केडगावला उभारलेल्या मुक्तिसदनात, दुष्काळपीडित मुलींना अन्न, छप्पर, विद्या आणि हातांना उद्योग दिला. तिनेच ख्रिस्तावाचून तारण नाही हेही तेथे निःसंकोच सांगितले. मात्र ते मुक्तिसदन त्यांनी कोणत्याही एका पंथाचे म्हणून चालविले नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या आणि तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे मानणाऱ्या या कवीने १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ भरविला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र येण्यास मुभा होती. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे निधन झाले आणि दरबारही फार काळ टिकला नाही.

मंडळ्यांना स्वतःला हे जमण्यास आणखी अर्धशतक लागले. काँग्रिगेशनल व प्रेसबिटेरियन मंडळ्या १९२४ साली एकत्र आल्या होत्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात त्यांच्यासह अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट मिळून उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले. त्या ऐक्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती बाप्तिस्म्याची तडजोड : तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यावा, की जाणत्या वयात स्वतः कबुली दिल्यावरच, या प्रश्नावरून युरोपात माणसे नदीत बुडविली गेली होती, आणि येथे दोन्ही प्रथा एकाच चर्चमध्ये वैध मानण्यात आल्या, कोणासही आपली खात्री सोडावी न लागता. आपल्या भोवतालच्या नकाशावरील औरंगाबाद, जालना आणि सोलापूर अशा रीतीने एका छत्राखाली आले. बीदरचे अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट मात्र अखेरच्या काही महिन्यांत ऐक्यातून मागे फिरले आणि वेगळेच राहिले.

रोमनेही याच सुमारास आपली भूमिका नव्याने मांडली. रोमच्या धर्मपरिषदेच्या २१ नोव्हेंबर १९६४ च्या घोषणेत इतर ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही पवित्र आत्मा कार्य करतो हे मान्य झाले, आणि ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याची घोषणा २३०८ विरुद्ध ७० मतांनी संमत झाली. एकमेव सत्य धर्म कॅथलिक चर्चमध्ये नांदतो हे वाक्य तिच्यात कायम आहे. परंतु कोणत्याही राज्यसत्तेने वा माणसाने दुसऱ्याच्या विवेकावर बळजबरी करू नये, कारण सत्य मनात शिरते ते स्वतःच्याच सामर्थ्याने, हेही तिच्यात तितक्याच ठामपणे सांगितले आहे. सत्यावरील श्रद्धा आणि ते लादण्याचा अधिकार या ज्या दोन गोष्टी रमाबाईंनी ऐंशी वर्षांपूर्वी एकटीने वेगळ्या केल्या होत्या त्या येथे एका विश्वव्यापी चर्चने अधिकृतपणे वेगळ्या केल्या. प्रभुभोजनाच्या मेजावर मात्र कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अजूनही सामान्यतः एकत्र बसत नाहीत. त्या मेजाचा, आणि मुंबई बेटावर १७९४ साली चार कॅथलिक मंडळ्यांची गोव्याचे आर्चबिशप व रोमने नेमलेले कार्मेलाइट बिशप यांच्यात वाटणी का करावी लागली या तंट्याचा, विचार पुढील लेखांकात करू.