शेजारीण धावली, ती बातमीत नव्हती

संगीताविषयी आपल्या घरांत वेगवेगळी मते आहेत. तो वाद बाजूला ठेवून अमेरिकेतल्या दोन लोकगीतांचा फक्त आशय पाहू. दोन्ही गीते शहरी माणसाविषयी आहेत.

पहिले 1962 चे. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डेली सिटीत टेकडीवर ओळीने उभी असलेली एकसारखी घरे पाहून माल्विना रेनॉल्ड्स यांनी ‘लिटल बॉक्सेस’ लिहिले. पीट सीगर यांनी ते गाऊन देशभर पोचवले. घरे एका साच्यातली, शिक्षण एका साच्यातले आणि मग मुलेही त्याच साच्यातली, असा त्यातला चिमटा आहे.

दुसरे गीत अधिक कडू आहे. 13 मार्च 1964 च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज ही 28 वर्षांची तरुणी कामावरून परतताना घराजवळच भोसकली गेली. 38 जणांनी पाहिले, पण हल्ला चालू असताना एकानेही पोलिसांना कळवले नाही, अशी बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिली. देश हादरला. 1967 मध्ये फिल ऑक्स यांनी यावरून गीत रचले. चाल मुद्दाम खेळकर ठेवली. दर कडव्यात कोणीतरी संकटात असते आणि बघणारा काहीतरी सबब सांगून अंग काढून घेतो.

पुढे मात्र त्या बातमीतच खोट निघाली. 38 चा आकडा फुगवलेला होता, बहुतेकांना सगळा प्रकार दिसलाच नव्हता. 2016 मध्ये खुद्द ‘टाइम्स’ने आपली बातमी सदोष असल्याचे मान्य केले. आणि सोफिया फॅरर नावाची शेजारीण तर स्वतःच्या जिवाची पर्वा न करता धावत खाली गेली होती. मदत येईपर्यंत तिने किटीला कुशीत धरले. किटी वाचली नाही, पण ती एकटीही नव्हती. त्या पहिल्या गाजलेल्या बातमीत या शेजारणीला जागा मिळाली नाही.

सूरह निसाच्या 36 व्या आयतीत आईवडील, नातलग, अनाथ व गरजू यांच्यासोबत जवळच्या आणि परक्या शेजाऱ्याशीही चांगले वागण्याचा हुकूम आहे. शेजारी कोणत्या धर्माचा, ही अट तिथे नाही. आपलीही घरे आता एकसारख्या इमारतींत, एकसारख्या बंद दारांमागे आहेत. रमजानमध्ये इफ्तारीचे झाकलेले ताट समोरच्या घरी जाते, तेव्हा दार उघडणाऱ्याचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असते का? रात्री-अपरात्री हाक आली, तर ओळखीच्या दाराकडे पाय आधी वळतात.