येळवशीचं रिटर्न गिफ्ट

डिसेंबर लागला की कॉलेजच्या ग्रुपवर एक चर्चा हमखास सुरू होते. 'यंदा पार्टी बाहेर करू या. काहीतरी थीम ठेवू.' मग कुणी 'व्हिलेज थीम' सुचवतं, कुणी धोतर-नऊवारीचा ड्रेस कोड काढतं, कुणी कडब्याच्या पेंढ्यांवर बसून काढलेले भारी फोटो टाकतं. आमच्याही ग्रुपवर हेच चाललं होतं. तेवढ्यात निलंग्याकडच्या मैत्रिणीचा मेसेज आला, 'व्हिलेज थीम कशाला पाहिजे बे? येळवस आलीय की!'

खरंच की! कडब्याची कोप, उघड्यावरची पंगत, घरचं खाणं आणि निघताना हातात पिशवी. आपली आउटडोअर पार्टी तर आजी-पणजीच्या आधीपासून ठरलेलीच आहे.

लातूर, धाराशिव आणि त्याला लागून असलेल्या नांदेडच्या गावांत वाढलेल्यांना वेळ अमावस्या समजावून सांगावी लागत नाही. मार्गशीर्षातली ही अमावस्या. इंग्रजी तारखेचं मात्र तिला काही पडलेलं नाही. अधिक मास आल्यामुळे २०२३ मध्ये ती आलीच नाही आणि २०२४ मध्ये दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. लातूर जिल्ह्यात या दिवशी स्थानिक सुट्टी असते. शहरातले रस्ते ओस पडतात, कारण सगळं शहर शेतात असतं. सीमेपलीकडे कर्नाटकातही हीच अमावस्या 'एळ्ळ अमावास्ये' म्हणून होते. कन्नडमध्ये 'एळ्ळु' म्हणजे तीळ. आपल्या ताटातली तिळाची पोळी पाहिली की हे नातं लगेच पटतं.

शेतात कडब्याची कोप उभी करतात. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. पूजा झाली की पंगत बसते. ताटात भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, धपाटे, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि वर गारेगार आंबील.

बाहेरगावच्या मित्रांसाठी आधीच सांगून ठेवते, भज्जी म्हणजे तळलेली भजी नाही. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे, पावट्याचे हिरवे दाणे आणि शेंगदाणे शिजवायचे. मेथी, पालक, पातीचा कांदा घालायचा. चिंचेच्या पाण्यात बेसन कालवून त्यात सोडायचं, वरून हिरव्या मिरची-लसणाचा ठेचा. आंबिलीचं काम आदल्या दिवशीच होतं. ज्वारीचं पीठ पाण्यात शिजवायचं, गार झालं की ताक घालायचं. लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर टाकून मातीच्या भांड्यात रात्रभर ठेवायचं. सकाळपर्यंत अशी आंबट चव धरते की कोल्ड्रिंक विसरून जावं.

आता मुद्द्याचं. आमचं शेत नाही. आजोबांच्या काळातच विकलं गेलं. त्यामुळे आम्ही दर येळवशीला आईच्या मैत्रिणीच्या, म्हणजे काकूंच्या शेतात जातो. शाळेत असताना काही वाटायचं नाही. कॉलेजला आल्यावर वाटायला लागलं. आपण दरवर्षी येतो, खातो, पिशवी भरून घेऊन जातो. आपल्याकडून काय? एकदा नको म्हणून घरीच बसले, तर काकूंचा फोन, "शेत नाही म्हणून काय झालं गं? येळवशीला शेत समद्यांचंच असतंय. ये गुमान!"

त्या वर्षी मी काकूंच्या पिशव्या नीट पाहिल्या. आपण हल्ली मगवर नाव छापतो, चॉकलेटवर स्टिकर लावतो आणि त्याला 'पर्सनलाइज्ड' म्हणतो. काकूंच्या पिशवीवर नाव नसतं, पण कुठली कुणाची हे बघताच कळतं. नीटच्या तयारीसाठी लातुरात एकटा राहणाऱ्या पोराला तिळाच्या पोळ्या, कारण त्या चार दिवस टिकतात. दात नसलेल्या शेजारच्या आजींना मऊ उंडे आणि आंबील. लहान लेकरांना बोरं आणि हरभऱ्याचे ढाळे. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी भज्जीचा डबा, तो सगळ्यात आधी भरलेला.

अशा पिशवीची परतफेड मगने होत नाही, हे तेव्हा कळलं. आणखी एक गोष्ट कळली. एवढा स्वयंपाक करायला काकू पहाटे तीनला उठलेल्या असतात. आदल्या रात्री शेंगा सोलायला बारा वाजलेले असतात. पंगतीत त्या सगळ्यात शेवटी बसतात. आमच्या रीलमध्ये भज्जी येते, कोप येते, काकू येत नाहीत.

म्हणून मागच्या येळवशीला आम्ही पाच जणी-जण आदल्या संध्याकाळीच त्यांच्या घरी धडकलो. शेंगा सोलल्या. पोरांनी भांडी घासली. रूमवर राहणाऱ्या त्या पोराने भाकरी थापायचा प्रयत्न केला आणि नकाशा तयार केला. काकू हसून हसून बेजार. सोबत त्यांच्यासाठी एक पिशवीही नेली. २०२४ मध्ये आपल्या भागातल्या तीन पिकांना जीआय मानांकन मिळालं: बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर. त्यातली डाळ आणि चिंच आम्ही जुन्या ओढणीच्या शिवलेल्या पिशवीत भरली. पाच जणांची नावं दोऱ्याने वेडीवाकडी विणली. काकूंनी डाळ पाहिलीच नाही. पिशवी उलटून नावं वाचली आणि म्हणाल्या, "आता दर सालाला तुम्हीच सोलायच्या शेंगा!"

त्या दिवशी काकू आमच्यासोबत, पहिल्या पंगतीत बसल्या. वाढायला आम्ही होतो.

तेव्हा यंदा व्हिलेज थीमवर पैसे घालायच्या आधी विचारा, ग्रुपमध्ये कुणाचं शेत आहे? कुणाचं नाही? रूमवर, होस्टेलवर एकटं कोण राहणार आहे? ज्याचं शेत आहे त्याने बोलवायचं, ज्याचं नाही त्याने आदल्या रात्री हात लावायला जायचं. ताटं स्टीलची नाहीतर पळसाच्या पत्रावळी न्यायच्या, थर्माकोल शेतात टाकून यायचं नाही. आणि निघताना पिशवी घ्यायची तशी एक द्यायचीही.

नाव छापायला दुकान लागतं. नावाच्या माणसाला काय आवडतं, काय लागतं, हे लक्षात ठेवायला मात्र काकूच लागतात. ते काम आता आपण शिकायला हरकत नाही.